बिनकुंपणाचं फाटक

आमच्याकडे आपलं जनावर आपण मारत नाही. खाटकाच्या ट्रकमध्ये चढवणं वेगळं. ते मी दर वर्षी करते आणि रात्री गाढ झोपते. पण जखमी होऊन आपल्याकडेच बघत उभी राहिलेली गाय मारायची झाली, तर शेजाऱ्याला हाक मारायची. शेजारी तुमच्या कुरणात येतो, तुम्ही त्याच्या कुरणात जाता, आणि पुढे दुकानात भेटलात तर गव्हाच्या भावाचं बोलता. हे कुठे लिहिलेलं नाही. माझ्या नवऱ्याने मला शिकवलं, आणि तो गेल्यावर एकटीने कुरण सांभाळायला लागले तेव्हाही मी ते मोडलं नाही.

म्हणून मार्चमधल्या त्या वणव्यानंतरच्या सकाळी माझ्या गाई शेजारचा डॅरल होल्कम मारत होता आणि त्याच्या मी.

आदल्या दुपारी वाऱ्याने विजेची तार तुटून सुक्या गवतात पडली होती. बातमी फोनवर येईपर्यंत आग तिच्यापुढे निघून गेलेली असायची. संध्याकाळी आमचा अर्धा जिल्हा, अर्धी काउंटी काळी झाली. घराभोवतीची जमीन नांगरून ठेवलेल्यांची घरं वाचली. गुरांभोवती कोण नांगरून ठेवतो?

भाजलेली गाय ओरडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती उभी राहते. खूर सुटून आलेले, कातडी पाठीवर फाटलेली, पापण्या चिकटलेल्या, आणि तरी ती उभी. एकीची कास जळून कोळसा झाली होती आणि तिचं वासरू तिथेच ढुशा देत होतं. मी दोन्ही डोळ्यांपासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत मनातल्या मनात फुली मारते आणि फुलीच्या मध्यावर गोळी घालते. आधी आईला, मग वासराला. एकदा माझ्याकडून उलटं झालं. ती आंधळी आई आवाजाच्या दिशेने जळक्या पायांनी माझ्यावर चालून आली, तिला तीन गोळ्या लागल्या, आणि ती माझ्या बुटांवर पडली. पाय ओढून काढताना मी वणव्याला, वाऱ्याला, वीज कंपनीला, स्वर्गातल्या नवऱ्यालाही शिव्या घातल्या. रडत बसले असते तर पुढची गाय तेवढा वेळ उभी राहिली असती.

मारत मारत मी होल्कमांच्या कुरणाच्या उत्तरेच्या फाटकाशी आले.

हे फाटक लोखंडी पाइपांचं आहे, त्याचे दोन्ही खांबही लोखंडी. पलीकडे काउंटीचा खडीचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे लोवेल बाउरचा गहू, घोट्याएवढा, हिरवागार. हिरवा गहू जळत नाही. होल्कमांची गुरं त्या फाटकातून निघाली असती तर सरळ गव्हात जाऊन उभी राहिली असती आणि आज जिवंत असती.

ती निघाली नव्हती. फाटक बंद होतं, साखळी घातलेली होती, आणि जवळजवळ सगळा कळप फाटकाला रेटून मेला होता. खालच्या चिरडून, वरच्या भाजून. ढीग माझ्या छातीपर्यंत होता आणि त्यात अजून काहीतरी हलत होतं. एका गाईचं डोकं दोन पाइपांमधून रस्त्याकडे बाहेर आलेलं, जीभ खडीवर. तिने माझ्याकडे डोळा फिरवला. मी ढिगावर चढून, जे हलेल त्यात गोळ्या घालत राहिले. बंदुकीची नळी एवढी तापली की हातमोज्याचा वास यायला लागला.

तेवढ्या गोळ्या ऐकून डॅरल पिकअप घेऊन आला. शेजारी त्याचा बाप ऑर्विल बसला होता. ऐंशी केव्हाच उलटलेला, डाव्या हाताचीच सवय, उजव्या हाताची दोन बोटं दोर आवळताना गेलेली. डॅरल खाली उतरला, ढीग बघितला, आणि ढिगाआडचं फाटक बघितलं.

"बंद आहे," तो म्हणाला.

"बंद आहे," मी म्हणाले.

"मी डॅडींना फोन केला होता. उत्तरेचं फाटक उघडा आणि निघा, म्हणून सांगितलं होतं." तो पिकअपकडे वळला. "डॅडी, फाटक उघडलंत ना तुम्ही?"

"उघडलं की," ऑर्विल म्हणाला. "न उघडता बाहेर कसा येईन? गाडी घेऊन उडी मारू?"

"आणि मग?"

"मग रस्त्याला लागलो. समोरून लोवेलची गाडी आली. मी हात केला. त्याने नाही केला. त्याचा बापही असाच होता, एकदा आमचा नांगर नेला तो..."

नांगराचं डॅरलने ऐकलंच नाही. त्याने लोवेलचं नाव ऐकलं आणि त्याला पुरेसं झालं.

त्याचं कारण सांगायला हवं. आदल्या वर्षी डॅरलचा वळू याच फाटकातून रस्ता ओलांडून गेला आणि लोवेलच्या उंची जातीच्या कालवडींत महिनाभर पाहुणचार घेऊन आला. लोवेल माणूस कंजूस आणि खुनशी. हसतो तेव्हाही कुणाचं तरी नुकसान झालेलं असतं. त्याने भर दुकानात सांगितलं होतं, "ते फाटक पुन्हा उघडं दिसलं तर कायमचं बंद करीन." तेव्हा आम्ही हसलो होतो. पोरं कशी होतील, गोरी का काळी, यावर पैजा लागल्या होत्या.

डॅरलने पिकअपच्या मागून कुंपणाची पक्कड उचलली. ही साधी पक्कड नव्हे. तिच्या एका अंगाला हातोडा असतो आणि दुसऱ्या अंगाला खिळे उपटायची बाकदार चोच.

"डॅरल, आधी शेरीफला फोन कर," मी म्हणाले.

"तू तुझ्या गाईंचं बघ, आर्डिस."

"माझ्या गाई तू मारल्यास. मी तुझंच बघतेय."

तो रस्ता ओलांडून चालत गेला, गव्हातून, सरळ. मी मागून पळाले, पण साठीच्या गुडघ्यांनी काय पळणार. लोवेल अंगणात ट्रॅक्टरखाली वाकलेला होता. डॅरलने काही विचारलं नाही. पहिला घाव खांद्यावर बसला तेव्हा लोवेलला वाटलं ट्रॅक्टरच कोसळला. दुसरा तोंडावर बसला. लोवेल खाली पडल्यावर डॅरल त्याच्या छातीवर बसला आणि म्हणाला, "फाटक कसं ठेवायचं असतं? सांग. फाटक कसं ठेवायचं असतं?" लोवेल दातांचे तुकडे थुंकत म्हणाला, "कुठलं फाटक?" आणि त्या प्रश्नावर पक्कड उलटी फिरून चोचीच्या बाजूने खाली आली.

मी डॅरलचे केस मागून दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. तोवर लोवेलचा डावा डोळा गेला होता.

डॅरलचा तो प्रश्न मी ओळखत होते. गुरांच्या मुलखात चालायला लागलेलं पोर पहिली गोष्ट हीच शिकतं: फाटक जसं सापडेल तसं ठेवावं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. शाळेच्या बसमध्ये मी मोठ्या वर्गात आणि डॅरल पहिलीत होता, तेव्हा एकदा त्याच्याकडून फाटक बंद करायचं राहिलं. ऑर्विलने साखळी दुहेरी करून त्याला झोडपलं, दर फटक्याला हाच प्रश्न विचारत, आणि पोराला दर वेळी उत्तर द्यावं लागलं. आठवडाभर ते पोर बसमध्ये उभं राहून शाळेला आलं. आम्हाला कारण ठाऊक होतं. सगळ्यांच्या घरी साखळ्या होत्या.

शेरीफ दवाखान्यात गेला तेव्हा लोवेलने जबाब दिला की तार ताणताना पक्कड निसटली.

"आणि दातांचं काय?" शेरीफने विचारलं.

"पक्कड मोठी होती," लोवेल म्हणाला.

मला हे कळलं तेव्हा मला तक्रारीपेक्षा जास्त भीती वाटली. हा हिशेब त्याने स्वतःसाठी ठेवून घेतला होता.

आता मदतीचं. वणव्यात गुरं मेली की सरकार बाजारभावाचा मोठा हिस्सा देतं, आणि कुणाला द्यायचा ते आमच्या काउंटीत तीन शेतकऱ्यांची समिती ठरवते. आम्हीच आमच्यातून निवडून दिलेली. त्या वर्षी समितीवर ग्लेन टिप्टन अध्यक्ष होता, आणि मी, आणि लोवेल बाउर. होल्कमांचा अर्ज आला तेव्हा ग्लेनने एकच गोष्ट अडवली. वणव्याने मेलेलं जनावर ही आपत्ती. पण मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनी कोंडून ठेवल्यामुळे मेलेलं जनावर हा मालकाचा हलगर्जीपणा, त्याला एक डॉलर नाही. फाटक बंद होतं हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की ते कुणी बंद केलं. परक्याने केलं असेल तर होल्कम पुन्हा गाई घेऊन उभे राहतील. घरच्याने केलं असेल तर चार पिढ्यांची जमीन विकून चालते होतील.

"आर्डिस, तू जागा बघून ये," ग्लेन म्हणाला. "लोवेल यात बसू शकत नाही. त्याचा डोळा यात आहे." आणि मग स्वतःच्याच वाक्याने ओशाळला.

मी गेले तेव्हा लोडर ढीग उपसत होता. उन्हाने मढी फुगलेली, लोडरचं सुपडं लागलं की फुटायची. वासामुळे ड्रायव्हरने तोंडाला पेट्रोलचा बोळा बांधला होता. खड्डा रस्त्याच्या बाजूला खणला होता, म्हणून डॅरलने साखळी सोडून फाटक सताड उघडून ठेवलं होतं आणि लोडर सारखा ये-जा करत होता. फाटकाच्या दोन्ही अंगांना आता काहीच नव्हतं. देवदाराचे खांब मुळापर्यंत जळाले होते, तारा राखेत लोळत होत्या. काळ्या रानात ते लोखंडी फाटक एकटंच उभं होतं. दहा पावलं बाजूने गेलं तरी पलीकडे जाता येत होतं.

"लिही की लोवेलने केलं," डॅरल मला म्हणाला. त्याचे हात सोलवटलेले होते. "तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असतं तर इथे येऊन मढ्यांचा वास घेतला नसता."

"दुसरं कोण करील? डॅडींनी उघडलं. लोवेल पुढून आला. अजून काय पाहिजे तुला, फोटो?"

तेवढ्यात ऑर्विलची जुनी गाडी आतून आली. बायबलवाल्या बायकांनी पाठवलेल्या मॅकरोनीचा डबा त्याने आमच्यासाठी आणला होता. गाडी उघड्या फाटकातून... नाही, नीट सांगते. लोडर नुकताच पलीकडे गेला होता आणि वाऱ्याने फाटक लोटून आपोआप मिटलं होतं, नुसतं टेकलेलं, साखळी लोंबत. ऑर्विलने गाडी थांबवली. उतरला. फाटक उघडलं. गाडी पलीकडे नेली. पुन्हा उतरला, मागे आला, फाटक ओढून घेतलं, डाव्या हाताने साखळी खांबाभोवती दोनदा उलटी गुंडाळली आणि कडी खालून वर अडकवली. मग डबा काढायला गाडीकडे वळला.

कुंपण नव्हतं. आत एक गाय जिवंत नव्हती. पलीकडे लोडर परत यायला निघाला होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आणि या माणसाने फाटक लावून साखळी घातली होती, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

त्या दिवशी ढिगाआड साखळी अशीच होती. दोनदा उलटी, कडी खालून. मी ती बघितली होती आणि मला फक्त बंद फाटक दिसलं होतं. मला वाटतं डॅरललाही तसंच झालं असणार. जन्मभर तो ती साखळी तशीच बघत आला होता.

तो फाटकाकडे चालत गेला. साखळी सोडली. हातात घेऊन बघितली.

"डॅडी," तो म्हणाला. "वणव्याच्या दिवशी इथून गेलात तेव्हा फाटक कसं ठेवलंत?"

"जसं सापडलं तसं," ऑर्विल म्हणाला. आवाजात अभिमान होता. "धूर एवढा होता की कडी दिसेना. हाताने चाचपून लावली. मागे गुरं ओरडत होती, तरी लावली."

डॅरलने साखळी दुहेरी केली.

पहिला फटका ऑर्विलच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला. मॅकरोनी राखेत सांडली. "फाटक कसं ठेवायचं असतं, डॅडी?" डॅरल ओरडला नाही, विचारल्यासारखं विचारलं. म्हातारा गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, "जसं सापडेल तसं." दुसरा फटका पाठीवर. "कसं ठेवायचं असतं?" "जसं सापडेल तसं." तिसऱ्याला टोपी उडाली आणि कानामागून रक्त आलं. म्हातारा चुकवत नव्हता. हात वर करत नव्हता. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं उत्तर देत होता, आणि चुकीचं उत्तर देतोय हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

मी गाडीतून बंदूक काढली आणि डॅरलच्या पायाशी गोळी घातली. राख उडून त्याच्या तोंडावर गेली.

"अजून एक फटका मार," मी म्हणाले, "आणि पुढची गोळी गुडघ्यात घालीन. मग समितीला काय लिहायचं ते मी बघते."

त्याने साखळी वर धरलेली तशीच ठेवली. नजर लाल, ओठ फाटलेले. मी फुली मारली, दोन्ही डोळ्यांपासून कपाळाच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत. मी त्याला शाळेच्या बसमध्ये उभा राहिलेला पाहिला होता आणि तरी मी ती फुली मारली. खोटं कशाला सांगू, बोट घोड्यावर होतं.

ऑर्विलला तेव्हा उमगलं. मान वळवून त्याने फाटक बघितलं, मग खड्ड्यात कोसळणारे गाईंचे पाय बघितले. मग माझ्याकडे बघून अगदी शेजाऱ्यासारखा म्हणाला, "पोरी, त्याच्याकडून नको करून घेऊस. आपलं आपण मारू नये. तू आहेस ना शेजारी, तूच कर."

मी बंदुकीतली काडतुसं काढून खड्ड्यात फेकली आणि त्या म्हाताऱ्याला अशा काही शिव्या दिल्या की लोडरच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. डॅरलच्या हातून साखळी सुटली. तो राखेत बसला आणि बापाचं डोकं मांडीवर घेऊन हातरुमालाने कानामागचं रक्त दाबून धरलं.

दवाखान्यात ऑर्विलने सांगितलं की गाडीवरून पडलो. त्या वसंतात आमच्या काउंटीतल्या माणसांना पडायची फार सवय लागली होती.

मी लोवेलकडे गेले आणि त्याला खरं काय ते सांगितलं. तो निर्दोष होता हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. तो हसला. उरलेल्या दातांनी हसला.

"म्हणजे म्हाताऱ्याने," तो म्हणाला. "आणि डोळा माझा."

"होय."

"सुनावणी केव्हा आहे?"

सुनावणी कोर्टाच्या तळघरात होती. लांब टेबल, किटलीतली जळकी कॉफी. डॅरल एका खुर्चीवर, शेजारी ऑर्विल, हात गळ्यात बांधलेला. लोवेल समितीच्या खुर्चीवर न बसता त्यांच्या समोर बसला, डोळ्यावर काळी पट्टी.

"मी आज साक्षीदार आहे," तो ग्लेनला म्हणाला. "फाटक मी बंद केलं."

ग्लेनने पेन खाली ठेवलं. "तू तर म्हणाला होतास, गाडी थांबवलीच नाही."

"आता म्हणतो, थांबवली. त्याची शिक्षा भोगून झालीये माझी. तर गुन्हाही माझ्याच नावावर घाल. बाहेरच्याने बंद केलं, झालं की नाही? यांना मदत देऊन टाक." मग तो डॅरलकडे वळला आणि आवाज खाली आणला. "घे पैसे. गाई घे. दर वसंतात वासरं होतील, तेव्हा ध्यानात ठेव, एकेक वासरू माझ्या डोळ्यावर उभं आहे. दुकानात भेटशील, चर्चमध्ये भेटशील, मी काही बोलणार नाही. पट्टी वर करीन आणि बघीन. तू मरेपर्यंत. मग तुझ्या पोरांकडे बघीन."

मी त्या वसंतात खूप मारामारी पाहिली. पण एवढा जोराचा घाव कुणी घातलेला पाहिला नव्हता, आणि तो खुर्चीत बसून घातला गेला. तरीही डॅरलने पैसे घ्यावे असं मला वाटत होतं. मी घेतले असते. चार पिढ्यांच्या जमिनीसाठी मी लोवेल बाउरची दहा वर्षं नजर सोसली असती, आणि वर त्याला चष्मा भेट दिला असता.

डॅरल टेबलाकडे बघत होता. होय म्हणायचीही गरज नव्हती. गप्प राहिला असता तरी काम झालं असतं. ग्लेन लिहायला वाकला होता.

तेवढ्यात ऑर्विल माझ्याकडे झुकला. "पोरी, याच्या डोळ्याला काय झालं गं?"

तो खरंच विसरला होता की विसरल्याचं सोंग होतं, मला आजही सांगता येणार नाही.

"पक्कड लागली," मी म्हणाले.

"च्च," म्हातारा हळहळला. लोवेलला म्हणाला, "तार ताणताना तोंड बाजूला करावं, बाळा. मी डॅरलला लहानपणापासून सांगतो."

लोवेलचं हसू तोंडावरच राहिलं. डॅरलने मान वर केली आणि बापाच्या गळ्यातल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "लोवेल थांबला नव्हता. फाटक मी बंद केलं."

"तू तर त्या वेळी दक्षिणेला होतास," ग्लेन म्हणाला.

"सकाळी जाताना लावून गेलो. डॅडींनी उघडलं असेल असं मला वाटलं. त्यांनी नाही उघडलं. ते दुसरीकडून गेले. मी लावलं, माझ्या गाई, माझी चूक."

"डॅरल, याचा अर्थ काय होतो तुला कळतंय ना?"

"कळतंय."

ग्लेनने माझ्याकडे बघितलं. "आर्डिस, जागेवर तू गेली होतीस. काय पाहिलंस?"

मी काय पाहिलं ते त्या खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं. मी म्हणाले, "फाटक बंद होतं. कुणी केलं ते मालकच सांगतोय." आणि माझी सही केली. एवढ्या वर्षांत समितीवर मी खोटं लिहिलेलं हे एकच, आणि मला त्याचा काडीइतका पस्तावा नाही.

लोवेल खुर्ची सरकवून उठला. कुणीतरी त्याच्या हातातलं काढून घेतल्यासारखा उभा राहिला. "मग माझा डोळा कशासाठी गेला?" त्याने विचारलं. तो जिना चढून गेला.

ऑक्टोबरात होल्कमांची जमीन लिलावात गेली. टेक्सासहून आलेल्या कुणीतरी घेतली, तो मला अजून भेटलेला नाही. ते निघाले त्या दिवशी मी भाजलेली कोंबडी आणि पाव घेऊन गेले होते. सामान पिकअपवर बांधलं होतं. उन्हाळ्यात पाऊस बरा झाला, रान पोटरीपर्यंत हिरवं झालं होतं. कुंपण नवीन मालक घालणार होता, म्हणून डॅरलने ते घातलं नव्हतं. हिरव्या गवतात फाटक तसंच एकटं उभं होतं, साखळी घातलेलं.

मी माझ्या गाडीने पुढे निघून गेले होते. फाटकाच्या बाजूने, गवतातून, सरळ रस्त्यावर. डॅरलची गाडी फाटकासमोर येऊन थांबली.

डॅरल उतरला. बाजूने जायला मोकळं रान होतं. त्याने साखळी सोडली, फाटक उघडलं, गाडी पलीकडे आणली. मग पुन्हा उतरला, मागे गेला, फाटक ओढून घेतलं. ऑर्विल खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता.

"दोनदा," म्हातारा म्हणाला. "आणि कडी खालून."

"हो, डॅडी," डॅरल म्हणाला.

त्याने साखळी दोनदा उलटी गुंडाळली आणि कडी खालून वर अडकवली. ओढून बघितली, घट्ट बसली का ते. मग गाडीत बसला आणि दोघं निघून गेले. मी रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून बसले आणि त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदा रडले.